आद्य धुरकऱ्यांचे स्मरण

आपल्या घरोघरी पितृपक्षात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. त्यापलीकडची नावे बहुधा कोणास ठाऊक नसतात. आणि ज्यांची तिथीही विस्मरणात गेली त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेविलेली असते. कुळाच्या पूर्वजांसाठी जी ही तजवीज झाली, ती मनुष्याच्या सगळ्याच खेळांच्या पूर्वजांस लाभलेली नाही. गायनाच्या घराण्यांनी आपली गुरुपरंपरा मुखोद्गत ठेविली, तालमींनी आपल्या वस्तादांच्या तसबिरी भिंतीवर लाविल्या. परंतु जो खेळ गाडीवानांनी उघड्या रस्त्यावर जन्मास घातला, त्याच्या मूळपुरुषांची नावे धुरळ्याबरोबर उडून गेली. गाडीच्या धुरेवर बसून जो ती हाकतो तो धुरकरी. गाडी बैलांची असो की मोटारीची, शर्यतीच्या मैदानावर ती प्रथम उतरविणाऱ्या धुरकऱ्यांविषयी आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचे वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील गाव. जालन्याहून मंठ्याकडे जाणारी सडक येथून जाते आणि परतूरची वाट येथेच फुटते. म्हणून दूरच्या लोकांस गावापेक्षा वाटूर फाटाच अधिक परिचयाचा. रेल्वे गावास नाही; मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील परतूर हेच आमचे स्टेशन. मालमोटारींचा सुळसुळाट होण्यापूर्वी या काळ्या जमिनीतला कापूस स्टेशनावर किंवा जालन्याच्या बाजारात न्यावयाचा, तो बैलगाडीनेच. आमच्या घरातील वडील मंडळी सांगत की, कापसाने शीग भरलेल्या गाड्या जाताना एकामागून एक अशा मुंगीच्या पावलांनी जात. परंतु येताना त्या रिकाम्या असत, बैलांस घरच्या दावणीची ओढ असे, आणि गाडीवानाच्या कनवटीस चार पैसे खुळखुळत असत. अशा वेळी मागची गाडी पुढच्या गाडीच्या बरोबरीस आली की, दोघां धुरकऱ्यांपैकी एकाने तरी कासरा सैल सोडावा आणि दुसऱ्याने ते आव्हान समजावे, हे ठरलेलेच. आमच्या मते या खेळाचा खरा जन्म असल्या परतीच्या वाटांवर झाला. जत्रेतील मैदान, पंच आणि बक्षिसे ही सर्व पुढची लेणी.

त्या खेळास आमच्याकडे आणि विदर्भात शंकरपट म्हणतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड या भागात त्याचे रूप निराळे. तेथे चढणीच्या घाटावरून बैलगाडा पळवितात, पुढे घोडीवर स्वार असतो आणि कित्येक गाडे देवास बोललेला नवस फेडण्यासाठी आलेले असतात. आमच्या पटास सपाट, सरळ, चांगली रोळलेली पट्टी लागते. झेंडी पडते, जोडी सुटते आणि पाहणाऱ्याने पुरता श्वास घेण्यापूर्वी ती शेवटच्या खुणेपलीकडे गेलेली असते. पूर्वी कोण पुढे ते पंचाच्या डोळ्यांनी ठरे. हल्ली सेकंदाचेही भाग मोजणारी घड्याळे आली आहेत. खिल्लार बैल चपळाईविषयी प्रसिद्ध, तर लाल कंधारी आणि देवणी हे मराठवाड्याचे घरचे बैल मुळात नांगरास आणि ओझ्यास जुंपलेले. तथापि पहिल्या पिढीतील धुरकऱ्यास जातीची निवड करण्याइतकी चैन कोठली! आठवडाभर जे बैल औतास, तेच पटाच्या दिवशी पटास.

या खेळाचा दुसरा पूर्वज म्हणजे सुतार आणि त्याच्या जोडीचा लोहार. ओझ्याची गाडी शर्यतीस चालत नाही. तीस हलका छकडा लागतो. वजन कमी करावे तर लाकूड मोडते, लाकूड भक्कम घ्यावे तर बैल मागे पडतात. या दोहोंच्या मधला मार्ग ज्याच्या हातास सापडला तो कारागीर पाच-पंचवीस गावांत नावाजला जाई. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि त्यांभोवतीच्या पुठ्ठ्यांवर लोखंडी पट्टी. ही पट्टी चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवितात, फुगलेली असतानाच चाकावर चढवितात आणि वर पाणी ओततात. मग ती आकसून सगळे सांधे आवळून धरते. त्या पट्टीस आमच्याकडे ‘धाव’ म्हणतात. मराठी भाषेने चाकाच्या लोखंडास आणि बैलाच्या पळण्यास एकच शब्द द्यावा, यात लोहाराचा केवढा गौरव आहे! परंतु पटाच्या बक्षिसाच्या पुकाऱ्यात त्या लोहाराचे नाव आम्ही कधी ऐकिलेले नाही.

आता वाचकांनी आमच्याबरोबर क्षणभर सातासमुद्रापलीकडे यावे; कारण हीच कथा अमेरिकेच्या दक्षिण भागात मोटारीच्या चाकांवर घडली आहे, आणि तेथे ती लिहून ठेविली गेली म्हणून आपणांस सांगता येते. तिकडे ‘स्टॉक कार’ नावाची एक शर्यत आहे. स्टॉक कार म्हणजे मुळात मुद्दाम शर्यतीसाठी घडविलेले यंत्र नव्हते, तर दुकानात कोणाही गिऱ्हाइकास मिळणारी घरगुती मोटार होती. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. जॉर्जिया आणि कॅरोलिना या प्रांतांच्या डोंगरांत चोरून दारू गाळली जाई आणि रात्रीच्या रात्री शहरात पोहोचविली जाई. बंदी उठल्यावरही कर चुकविण्यासाठी हा व्यापार चालूच राहिला. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांची स्वस्त मोटार काढिली आणि या रात्रीच्या वाहतूकदारांस जणू वारूच मिळाला. पोलिसांची मोटार मागे, डोंगरातील कच्ची वळणे पुढे, दिवे मालविलेले, अशा स्थितीत जो हाकील त्याचा हात काय तयार होत असेल! मग कोणाची मोटार अधिक वेगवान यावर पैजा लागू लागल्या आणि शेतातल्या मातीवर शर्यती होऊ लागल्या.

आमचा कापूस राजरोस जाई आणि त्यांची दारू चोरून जाई, हा भेद लहान नाही, आणि तो आम्ही झाकीत नाही. परंतु रोजच्या ओझ्याच्या गाडीतून खेळ निपजला, हे दोन्हीकडे एकच. तिकडच्या आद्य पुरुषांत रेमंड पार्क्स नावाचे गृहस्थ होते. दारूच्या धंद्यातून वर आलेला हा मनुष्य पुढे शर्यतीच्या मोटारींचा मालक झाला. त्याच्या मोटारी अटलांटा शहरातील रेड व्होट हा कारागीर सज्ज करी. लॉइड सी आणि रॉय हॉल हे पार्क्सचे नातलगच त्याच्या मोटारी हाकीत. यांपैकी लॉइड सी याने १९४१ च्या सप्टेंबरमध्ये अटलांटा येथील लेकवुडच्या मैदानावर मोठी शर्यत जिंकिली, आणि दुसऱ्याच दिवशी दारूसाठी घेतलेल्या साखरेच्या हिशोबावरून त्याच्या चुलतभावाने त्यास गोळी घातली. त्या वेळी तो अवघ्या एकवीस वर्षांचा होता. डॉसनव्हिल गावी त्याच्या समाधीच्या दगडावर त्याची मोटार कोरलेली असून तिच्या खिडकीत त्याचे छायाचित्र बसविले आहे.

पुढे १९४७ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स याने शर्यतवाल्यांची बैठक बोलाविली. विस्कळीत शर्यतींस एक नियम, एक व्यवस्था असावी असे ठरले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ‘नॅस्कार’ ही संस्था रीतसर स्थापन झाली. ते नाव सुचविले रेड व्होटने. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे कारखान्यातून निघालेल्या मोटारी जशाच्या तशा पळविण्याची पहिली शर्यत झाली. तीत ३३ मोटारी होत्या. जिम रोपर नावाचा कॅन्सस प्रांतातला गृहस्थ वर्तमानपत्रातील चित्रमालिकेत या शर्यतीचा उल्लेख वाचून इतक्या दूरवरून आला होता. ली पेटी याने ओळखीच्या माणसाची ब्यूक मोटार मागून आणिली आणि ती शर्यतीत उलटून मोडली. सारा ख्रिश्चन ही स्त्री पुरुषांच्या बरोबरीने त्याच शर्यतीत उतरली होती. त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या एका शर्यतीत तिने पाचवा क्रमांक मिळविला. शार्लटला पहिला आला ग्लेन डनवे. परंतु मोटार तपासली तेव्हा तिच्या मागील स्प्रिंगा दारूच्या ओझ्यासाठी फेरफार केलेल्या आढळल्या, म्हणून त्यास बाद करून दुसऱ्या आलेल्या रोपरला विजयी ठरविले. मोटारीच्या मालकाने न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. ज्या धंद्याने हा खेळ जन्मास घातला त्याच धंद्याची खूण पहिल्याच दिवशी नियमाने दूर सारली, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

त्या वर्षीचा विजेता ठरला रेड बायरन. दुसऱ्या महायुद्धात विमानावर असताना त्याचा पाय जायबंदी झाला होता; म्हणून क्लचच्या पट्टीस आपल्या पायाचा लोखंडी आधार जोडून घेऊन तो मोटार हाकीत असे. मोटार पार्क्सची आणि तिच्यावर हात व्होटचा. धुरकरी, मालक आणि कारागीर या तिघांची नावे एकत्र घेतल्यावाचून बायरनच्या यशाची कथा पुरी होत नाही. पार्क्स २०१० साली ९६ व्या वर्षी वारला; स्ट्रीमलाइन हॉटेलातील त्या बैठकीस हजर असलेल्यांपैकी तो शेवटचा. त्याच वर्षी शार्लट येथे या खेळातील थोरांचे स्मृतिमंदिर उघडले गेले.

परंतु लिहून ठेवणाऱ्यांच्याही हातून अन्याय घडतो, याचा दाखला वेंडेल स्कॉट हा होय. व्हर्जिनियातील डॅनव्हिल गावचा हा कृष्णवर्णी गृहस्थ. त्याने टॅक्सी हाकिली, रात्रीची दारू वाहिली, सैन्यात मोटारदुरुस्ती केली आणि जुन्या मोटारी स्वतः दुरुस्त करून शर्यतीत आणिल्या. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे तो सर्वांच्या दोन फेऱ्या पुढे होता. तरी विजयाचा ध्वज आणि मैदानावरचा सन्मान बक बेकर या गोऱ्या धुरकऱ्यास मिळाला. प्रेक्षक घरी गेल्यानंतर, काही तासांनी, मोजणीत चूक झाल्याचे सांगून स्कॉट विजयी असल्याचे मान्य करण्यात आले. खरा चषक मात्र त्याच्या हाती कधीच पडला नाही. १९९० साली तो मरण पावला, २०१५ साली त्याचे नाव स्मृतिमंदिरात घातले गेले, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये संस्थेने मुद्दाम घडविलेला चषक त्याच्या कुटुंबाच्या स्वाधीन केला. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी! सन्मान उशिरा का होईना पोहोचला, असे म्हणून आपण समाधान मानावे काय? आमच्या मते उशिराचा सन्मान मुलांच्या हाती पडतो. ज्याच्या हातास घट्टे पडले होते तो हात रिकामाच राहतो. म्हणूनच हे काम माणसे हयात आहेत तोवर केले पाहिजे.

याच बुद्धीने आमच्या घरची मंडळी गेल्या हिवाळ्यात एक कोरी वही घेऊन शेजारच्या गावी एका धुरकऱ्याच्या घरी गेली. ऐंशी ओलांडलेला, दृष्टी अधू झालेला, परंतु स्मरण तल्लख. ‘बाबा, तुमचे नाव आणि जिंकलेले पट सांगा, आम्ही लिहून घेतो,’ असे म्हणताच तो हसला. ‘माझं नाव कशाला लिवता गुरुजी? बैलायची लिवा. पळाले ते. म्या निस्ता बसलो व्हतो.’ आणि मग त्याने सर्ज्या, मोत्या, हौश्या, पाखऱ्या अशी बैलांची नावे, त्यांचे रंग, शिंगांची वळणे आणि कोणता कोठे विकत घेतला हे ओळीने सांगितले. छकडा कोणी बांधला असे विचारले तेव्हा मात्र तो अडला. ‘डावखुरा सुतार व्हता,’ एवढेच त्यास आठवले. पिढीभर ज्याच्या छकड्यांनी पट मारले त्या कारागिराचे उरले ते एवढेच.

आम्ही त्यास पराणीविषयीही विचारले. पराणी म्हणजे बैल हाकण्याची काठी; तिच्या टोकास खिळ्यासारखी आर असते. त्याने काही लपविले नाही. शेपूट पिरगाळीत, आर टोचीत, हे त्याने कबूल केले. आणि थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘आर टोचली की बैल पळतो गुरुजी, पण मंग त्यो आपला ऱ्हात न्हाई.’ हे वाक्य आम्ही त्याच्याच शब्दांत वहीत उतरून घेतले.

या एका वाक्यात गेल्या काही वर्षांच्या सर्व वादाचे मूळ आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांकडून खेळ करवून घेण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवरील बंदी कायम केली. २०१७ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली, पण तिची अंमलबजावणी न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. चाबूक, काठी, खिळा, विजेचा धक्का यांस मज्जाव आणि जनावरांची वैद्यकीय तपासणी, असे या नियमांचे सार आहे. शर्यत सुरू झाली म्हणून कित्येकांनी गुलाल उधळला, कित्येकांस त्याचे दुःख झाले. आम्हांस दोन्ही पक्षांचे म्हणणे समजते. कारण बैलावर माया करणारी माणसे दोन्हीकडे आहेत. परंतु पूर्वजांचा गौरव करावयाचा म्हणजे त्यांची आर झाकून ठेवावयाची, हे आम्हांस मान्य नाही. अमेरिकेत चोरट्या दारूची कथा झाकून पार्क्सचे चरित्र लिहिता येत नाही, तसे पराणीचा उल्लेख टाळून आमच्या धुरकऱ्याचे लिहिता येणार नाही. शिवाय पार्क्स, बायरन, स्कॉट हे आपल्या इच्छेने मैदानात उतरले होते; सर्ज्या आणि मोत्या यांस कोणी विचारले नव्हते. या खेळाचे ते आद्य पुरुष खरे, पण त्यांची संमती कोठेही नोंदलेली नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत स्मरणापेक्षाही नियम पाळण्याचे ऋण मोठे आहे.

एक शंका कोणी घेईल की, शिकल्यासवरल्या घरांनी या धुळीच्या खेळात लक्ष का घालावे? आमचे उत्तर साधे आहे. खेळणाऱ्यांस लिहिण्याची सवड नव्हती आणि पुष्कळांस अक्षरओळखही नव्हती. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वह्या, जमाखर्च आणि पत्रे जपली गेली, त्या घरांच्या माळ्यावर या खेळाचेही काही कण सापडण्याचा संभव आहे. कोणाच्या आजोबांनी जत्रेच्या खर्चात छकड्याची मजुरी लिहिली असेल, कोणाच्या जुन्या पेटीत पटाचे छायाचित्र असेल. घरातील भगिनींसही आमची विनंती आहे. पटास जाणाऱ्या बैलांना आंबोण करणाऱ्या, त्यांच्या पायांस हळदतेल लावणाऱ्या आणि त्यांस ओवाळून पाठविणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या आठवणी पुरुषांच्या वहीत येत नाहीत, त्या बायकांनीच विचारून घ्याव्या.

आमची सूचना मोठी खर्चाची नाही. प्रत्येक गावी शाळेत एक वही असावी. तीत प्रत्येक जोडीसाठी चार नावे लिहावीत: धुरकऱ्याचे, बैलांचे, छकडा बांधणाऱ्या सुताराचे आणि धाव चढविणाऱ्या लोहाराचे. नाव न आठवल्यास ‘डावखुरा सुतार’ असे लिहावे, पण जागा कोरी सोडू नये. आणि बैल कसा वागविला जाई, हे चांगले-वाईट दोन्ही लिहावे. वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी, बैल मिरवून वेशीशी आले की शाळेतील एखाद्या मुलाने ती वही सर्वांसमोर वाचून दाखवावी. स्मारकास दगड लागतो, वर्गणी लागते, समिती लागते आणि बहुधा भांडणही लागते. या वहीस एक शाईची लेखणी पुरे.

वाटूर फाट्यावर हल्ली रात्रंदिवस मालमोटारी धावतात, आणि त्यांच्या चालकांपैकी कित्येकांचे आजे त्याच वाटेने कापसाच्या गाड्या हाकीत गेलेले असतील. तो वृद्ध धुरकरी अद्याप हयात आहे. आमच्या वहीची आठ पाने भरली असून, येत्या महिन्यात पुन्हा जाऊन त्या डावखुऱ्या सुताराचे गाव तरी कोणते होते, याचा शोध घेण्याचा आमचा विचार आहे. वाचकांपैकी कोणास आपल्या गावच्या पटाविषयी काही ठाऊक असेल तर त्यांनीही उशीर करू नये, एवढीच विनंती.